बंदूक घेऊन विमानाने जाताना: परवानाधारक आणि नेमबाज ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुण्याहून दिल्लीच्या डॉ. कर्णीसिंग रेंजवर स्पर्धेला जाणारा नेमबाज असो की बदली झाल्यामुळे परवान्याचे पिस्तूल सोबत नेणारा अधिकारी, विमानतळावर बंदुकीमुळे सहसा काही अडत नाही. रीतसर जाहीर केलेली, रिकामी, कुलूपबंद पेटीतली बंदूक विमान कंपनीचे लोक नियमाप्रमाणे घेतात. अडते ते बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका सुट्या गोळीमुळे आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या कागदांमुळे. म्हणून या पत्रकात त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिले आहे.

सुटी गोळी

पॉइंट टू टू (.२२) या लहान व्यासाच्या बंदुकीचे काडतूस जेमतेम २५ मिलिमीटर लांब असते. रेंजवरून येताना बॅगेच्या आतल्या खिशात पडले की अस्तराच्या शिवणीतून खाली सरकते आणि तिथेच राहते. हाताला लागत नाही, वजन जाणवत नाही. एक्स-रेच्या पडद्यावर मात्र शिसे आणि पितळ गडद उमटते, आणि पडद्यासमोर बसलेला जवान नेमका तो आकार ओळखायला शिकलेला असतो.

त्यानंतर तुमची वेळ तुमच्या हातात राहत नाही. सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) तुम्हाला थांबवून विमानतळाच्या पोलिसांकडे सोपवते. विनापरवाना दारूगोळा बाळगल्याचा गुन्हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २५ खाली नोंदवला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. परवाना असला तरी हँडबॅगेत गोळी नेणे चालत नाही, आणि परवाना घरी ठेवून आला असाल तर तो दाखवेपर्यंत विमान निघून गेलेले असते. गोळी जवळ आहे याची जाणीवच नसेल तर तो ‘ताबा’ धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या खटल्यात सांगितले आहे, आणि त्या आधारावर पुढे अनेकांवरचे गुन्हे रद्दही झाले. पण ते सगळे कोर्टात ठरते. तोवर वकील, तारखा आणि नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या पडताळणीत निघणारा गुन्हा हे सोसावेच लागते.

उपाय एकच, आणि तो फुकट आहे: रेंजची बॅग वेगळी, प्रवासाची वेगळी. रेंजला नेलेली सॅक पुन्हा कधीही विमानात केबिन बॅग म्हणून नेऊ नका. मुलाला सहलीला, भावाला गावी जायलाही देऊ नका. ती नेण्यावाचून इलाज नसेल, तर पूर्ण रिकामी करा, उलटी करून झटका, प्रत्येक खिसा बाहेर ओढा आणि अस्तराच्या शिवणीवरून दोन बोटे सावकाश फिरवा. चुंबक फिरवून तपासू नका, कारण पितळ आणि शिसे चुंबकाला चिकटत नाहीत. शिकारी जॅकेट, नेमबाजीचा वेस्ट, पॅन्टचा मागचा खिसा आणि गाडीच्या चावीची पाऊचही बघा. झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या आणि आठवण म्हणून किल्लीच्या जुडग्याला लावलेली गोळीसुद्धा घरीच ठेवा. तिच्यात दारू नाही हे तुम्हाला माहीत असते, पडद्यासमोर बसलेल्याला नाही.

अमेरिकेतून सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकांना हे आवर्जून कळवा. तिकडे रेंजला वापरलेली बॅकपॅक घेऊन ते येतात आणि परतताना मुंबईत किंवा दिल्लीत गोळी सापडते. तिथे ज्याचे फारसे काही वाटत नाही, त्यावर इथे सरळ गुन्हा दाखल होतो.

कागद

परवान्यावर तीन गोष्टी तपासा: मुदत, क्षेत्र आणि शस्त्राचा नंबर. मुदत २०१९ पासून पाच वर्षांची झाली आहे, पण तुमच्या पुस्तिकेवर जी तारीख आहे तीच धरा. नूतनीकरणाचा अर्ज दिला आहे एवढ्यावर प्रवास करू नका. क्षेत्राच्या रकान्यात ‘महाराष्ट्र’ लिहिले असेल, तर तो परवाना दिल्लीत किंवा भोपाळमध्ये चालत नाही. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी यांच्याकडून क्षेत्रवाढ किंवा प्रवासाची परवानगी आधी घ्या. परवान्याच्या अटीचा भंग झाला तर कलम ३० लागते, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. शस्त्राचा नंबर परवान्यावर आणि नळीवर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या दुनळी बंदुकांत हा घोळ हमखास असतो. नंबर झिजलेला असतो आणि हाताने लिहिताना ‘५’चा ‘६’ झालेला असतो. निघण्याच्या आदल्या दिवशी ते दुरुस्त होत नाही, महिनाभर आधी पाहा.

वडिलांच्या परवान्यावरची बंदूक मुलगा नेऊ शकत नाही, बाप शेजारच्या सीटवर असला तरी घोषणापत्रावर सही बापाचीच लागते. निवडणुकीची आचारसंहिता सुरू असेल तर शस्त्र जमा करण्याचा आदेश तुम्हाला लागू आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारून मगच तिकीट काढा. स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंना त्यातून सूट मिळते, पण संघटनेचे पत्र आणि स्पर्धेचे वेळापत्रक हातात हवे.

पॉइंट १७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या आतल्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला किंवा एअर पिस्तुलाला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. तरीही विमानासाठी ती बंदूकच. केबिनमध्ये नाही, जाहीर करूनच, चेक-इन सामानातच. खरेदीचे बिल, उत्पादकाचे ताकदीचे प्रमाणपत्र आणि रायफल संघटनेचे ओळखपत्र सोबत ठेवा. जर्मन बनावटीच्या एअर रायफलवर पंचकोनात कोरलेले ‘एफ’ अक्षर असते. त्याचा अर्थ ताकद ७.५ जूलच्या आत आहे. काउंटरवर कुणी परवाना मागितला तर ही खूण आणि बिल दाखवून शांतपणे सांगा. खेळाडू अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर पेटी पालकाच्या किंवा प्रशिक्षकाच्या नावावर जमा करा.

गोळ्या किती?

इथे दोन मर्यादा एकत्र लागतात आणि लोक एकच लक्षात ठेवतात. पहिली वजनाची. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमानुसार एका प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी खोक्यासकट ५ किलोपर्यंत काडतुसे नेता येतात, तीही विमान कंपनीच्या संमतीने आणि फक्त चेक-इन सामानात. खोक्यावर धोकावर्ग १.४एस आणि यूएन ००१२ असे छापलेले असले पाहिजे. दोघांचा वाटा एका डब्यात भरता येत नाही. दुसरी मर्यादा नगांची. देशांतर्गत प्रवासात साध्या परवानाधारकाला एक शस्त्र आणि ५० काडतुसे हा नेहमीचा हिशेब आहे. खेळाडूला त्याहून जास्त हवी असतील तर संघटनेच्या पत्रावर विमान कंपनीकडून नेमका आकडा लेखी घ्यावा लागतो. आणि परवान्यावर जेवढी काडतुसे बाळगायची मुभा आहे, तिच्यावर तर जाताच येत नाही.

रायफलवाल्याला नगांची अडचण येते, शॉटगनवाल्याला वजनाची. पॉइंट टू टूच्या ५०० गोळ्या पावणेदोन किलोच्या आसपास भरतात. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात), ज्यात स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, पात्रता फेरीला ६० गोळ्या लागतात. सायटर (नेम जुळवण्याच्या गोळ्या), सराव आणि अंतिम फेरी धरून तीनशे गोळ्या नेल्या तरी वजनाचा प्रश्न नाही, लेखी परवानगीचा आहे. उलट ट्रॅपला, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्यांवरच्या शॉटगन नेमबाजीला, निदान १२५ काडतुसे लागतात. २४ ग्रॅम छऱ्यांच्या २५ काडतुसांचा खोका एक किलोच्या आसपास जातो, म्हणजे पाच खोकी आणि बाहेरचा डबा मिळून काटा ५ किलोच्या वर जाऊ शकतो. चार खोक्यांवर थांबा आणि उरलेली काडतुसे तिथेच मिळतील का, हे राज्य संघटनेकडे आधी विचारा.

गोळ्या कंपनीच्या मूळ खोक्यातच ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत, मोज्यात किंवा भरलेल्या मॅगझिनमध्ये असलेल्या गोळ्या परत पाठवतात. खोका बंदुकीच्या पेटीत नको, वेगळ्या कुलूपबंद डब्यात हवा. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकांच्या मालकांसाठी: बंदूक जाऊ शकते, पण सुटी दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या कोणत्याही सामानात, कितीही थोड्या असल्या तरी जात नाहीत.

पेटी भरताना

पेटी कडक कवचाची, आत फोम कापून बसवलेली आणि निदान दोन ठिकाणी कुलूप लागणारी घ्या. कापडी कव्हर नको. सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर तुमच्या पेटीवर दुसऱ्याची तीस किलोची बॅग पडते आणि डायॉप्टर साइटचा (ज्याच्या बारीक छिद्रातून नेम धरतात त्या साधनाचा) खांब वाकतो. रायफलच्या पेटीची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज बऱ्याच कंपन्यांच्या १५८ सेंटिमीटरच्या मर्यादेबाहेर जाते. ती मोजून आधीच कळवा, म्हणजे काउंटरवर जादा शुल्काचा वाद होत नाही. कोल्हापूरसारख्या ठिकाणाहून एटीआर (लहान, पंख्यांचे) विमान असेल तर लांब पेटी सामानाच्या कप्प्यात बसेल का, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारा.

बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा मागचा दांडा) काढा, दुनळी उघडून नळी आणि दस्ता वेगळे करा, पिस्तुलाचे मॅगझिन बाहेर काढा. मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, नजर आणि करंगळी दोन्ही घाला. नुसत्या नजरेवर विसंबू नका, कमी उजेडात नळीत अडकलेली गोळी दिसत नाही. शेवटी नारिंगी सेफ्टी फ्लॅग नळीतून आरपार ठेवा. काउंटरवरचा माणूस बंदूक हातात न घेता ती रिकामी असल्याची खात्री करू शकतो. साइटचे क्लिक आणि बटप्लेटची जागा कागदावर लिहून फोटो काढा.

एअर रायफलचा सिलिंडर हा वेगळा विषय आहे. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो आणि तो विमानात जात नाही. सिलिंडर बंदुकीपासून सोडवा, सोबत आलेला हवा सोडण्याचा स्क्रू बसवा आणि उघड्यावर अगदी थोडा थोडा फिरवा. एकदम उघडलात तर धातू गार पडून बाहेर दव साचते, आत ओ-रिंग आखडते आणि पुढच्या भरणीला तिथूनच हवा गळते. फुसफुस थांबली, गेज शून्यावर आले की दहा मिनिटे थांबून पुन्हा एकदा स्क्रू फिरवून पाहा. सिलिंडरवर कोरलेली मुदतीची तारीख बघा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत बाद होतो, आणि ती जबाबदारी खेळाडूची असते. भरणीचा तुमच्या कंपनीचा अडॅप्टर सोबत न्या, दुसऱ्याचे आटे जुळत नाहीत.

आणखी एक उलटा नियम. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या किंवा सराव यंत्राच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या केबिन बॅगेत ठेवायच्या. बोल्ट, मॅगझिन, ट्रिगर, अॅलन की आणि स्क्रूड्रायव्हर मात्र खालच्या सामानात. साफसफाईचे ज्वालाग्राही सॉल्व्हंट आणि स्प्रेचे डबे घरी ठेवा.

विमानतळावर

तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीला फोन करून शस्त्र घेतात का, शुल्क किती, किती वेळ आधी कळवायचे हे विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. सगळ्याच कंपन्या घेतात असे नाही, आणि मधे विमान बदलत असाल तर दोन्हींची संमती लागते. उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचा. दारावरच्या जवानाला तिकीट दाखवतानाच “परवान्याचे शस्त्र आहे, जाहीर करायचे आहे” असे सांगा. स्वयंचलित बॅग-ड्रॉपकडे वळू नका, माणूस बसलेल्या काउंटरवरच जा. सांगितल्याशिवाय पेटी उघडू नका. तपासणीची जागा तेच ठरवतील. घोषणापत्रावर शस्त्राचा प्रकार आणि नंबर परवान्यावर आहे तसाच, आणि काडतुसांची संख्या सोबत आहे तेवढीच लिहा. कुलूप तपासणीनंतर तुमच्या हाताने लावा आणि किल्ली खिशात ठेवा. पेटी एक्स-रेमधून पुढे गेल्याचे कळेपर्यंत काउंटरजवळच थांबा.

उतरल्यावर पेटी ताब्यात घेऊन कुलूप आणि कडा तपासा, पण विमानतळावर उघडू नका. पेटी आली नाही तर बाहेर पडू नका. विमान कंपनीकडे सामान न मिळाल्याची लेखी नोंद करा आणि त्याच वेळी विमानतळ पोलिसांना शस्त्राचा नंबर देऊन कळवा. मुक्कामी पोहोचलात की पेटी उघडून नळी कोरड्या फडक्याने पुसा. विमानाच्या पोटात गार झालेल्या पोलादावर मुंबईच्या दमट हवेत लगेच पाणी धरते, आणि पेटी तशीच बंद राहिली तर दोन दिवसांत चेंबरजवळ तांबूस ठिपके येतात.

परदेशी स्पर्धेला जाताना भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची कागदपत्रे, यजमान देशाचा परवाना आणि मधल्या थांब्याच्या देशाची संमती, अशी तीनही हवीत. निघताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यावर बंदुकीचा नंबर नसेल तर परतताना तुमचीच बंदूक तुम्हाला आयात केलेली ठरते.

शस्त्र न नेताच प्रवास करायचा असेल आणि घर बंद राहणार असेल, तर शस्त्र अधिनियमाखाली ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवता येते. आमच्याकडे जमा करताना मूळ परवाना आणि ओळखपत्र आणा, काडतुसे मोजून वेगळी द्या आणि पावतीवर शस्त्राचा नंबर स्वतः वाचून मगच सही करा. परत घेताना परवानाधारकाने स्वतः यावे लागते. चिठ्ठी देऊन पाठवलेल्या माणसाच्या हाती आम्ही शस्त्र देत नाही.