अँजिओप्लास्टी झाली, पण दाह अजून बाकी आहे

हार्ट अटॅकनंतर रक्तवाहिनीतला अडथळा निघतो, ती उघडी ठेवणारी जाळी म्हणजे स्टेंट बसतो, छातीतली कळ थांबते आणि बाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. आत हृदयाच्या स्नायूत मात्र त्याच सुमारास मोठी धावपळ सुरू झालेली असते. रक्ताविना मेलेल्या पेशींतून जी द्रव्यं बाहेर पडतात, त्यांच्या मागावर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी काही तासांतच तिथे येतात. मागोमाग मॅक्रोफेज येतात आणि मेलेला भाग गिळून जागा साफ करतात. मग फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे विणू लागतात आणि काही आठवड्यांत घट्ट व्रण तयार होतो.

ही सगळी धावपळ म्हणजेच दाह. तो लांबला, तर शेजारच्या धडधाकट स्नायूलाही झळ लागते, डावा कप्पा फुगतो आणि हृदय दुबळं पडतं. उलट तो अवेळी दडपला, तर व्रण कच्चा राहण्याची भीती. पहिल्या आठवड्यात मेलेली भिंत सर्वांत मऊ असते. क्वचित ती फाटतेही.

म्हणूनच कोल्चिसिनची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गाउट या सांधेदुखीच्या आजारावरचं, दाह कमी करणारं हे जुनं, स्वस्त औषध. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांतही ते असतं (ही वनस्पती जीवघेणी विषारी आहे, तिचा घरगुती उपाय कुणीही करू नये). २०१९ च्या 'कॉलकॉट' चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेले ४,७४५ रुग्ण होते. रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन घेणाऱ्यांपैकी ५.५ टक्क्यांना पुन्हा हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास झाला. औषधाविना हेच प्रमाण ७.१ टक्के होतं. आशा वाढली. पण २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या 'क्लिअर सिनर्जी'चा निकाल आला: ९.१ विरुद्ध ९.३ टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. रक्तातलं सीआरपी, म्हणजे दाहाचं मोजमाप, मात्र खरोखर उतरलं होतं. रिपोर्टमधला आकडा खाली आला म्हणून रुग्ण सुरक्षित झाला, असं म्हणता येत नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतं. औषध कोणत्या रुग्णाला आणि कोणत्या दिवशी द्यायचं, हा प्रश्न अजून खुला आहे.

घरी आल्यावर पाठ किंवा गुडघा दुखला की आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी दाह आणि वेदना कमी करणारी गोळी सहज घेतली जाते. हार्ट अटॅकनंतर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पुन्हा झटका येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका तिने वाढतो. डॉक्टरांनी कमी मात्रेत दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ती स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असते.