पर्यटनगावातली साथ (टीव्ही नाट्यातला कथाप्रकार)

गाव पाहुण्यांवर जगतं, ऐन सीझनमध्ये आजार पसरतो, एका डॉक्टरला पाण्याचा संशय येतो आणि गावातल्या वजनदार मंडळींना त्याचा रिपोर्ट सीझन संपेपर्यंत दाबून ठेवायचा असतो, अशा गोष्टीवर उभं राहणारं नाट्य म्हणजे हा प्रकार. मूळ सापडतं इब्सेनच्या १८८२ च्या 'एनिमी ऑफ द पीपल' नाटकात, तिथे डॉक्टरच्या विरोधात त्याचा सख्खा भाऊच उभा राहतो. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये 'गणशत्रू'त हीच गोष्ट देवळाच्या तीर्थावर आणि काविळीवर आणली, आणि ते बघताना नाशिकच्या माणसाला रामकुंड आठवणारच, गोदावरीच्या प्रदूषणाचा विषय हायकोर्टापर्यंत गेलेला आहे आणि सिंहस्थही २०२६-२७ चा.

पण बहुतेक लेखक खरी गंमत सोडून देतात. टायफॉइडची लक्षणं दिसायला साधारण १ ते ३ आठवडे जातात, म्हणजे गंगापूर धरणाकडच्या एखाद्या रिसॉर्टला वीकेंडला आलेलं कुटुंब तोवर ठाण्याला घरी पोचलेलं असतं, ताप तिकडे चढतो आणि तिथल्या डॉक्टरला नाशिकचं पाणी सुचायचं कसं? १९६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या झरमॅट या स्कीइंगच्या गावाला टायफॉइडची साथ आली तेव्हा कित्येक पर्यटक आपापल्या देशात गेल्यावर आजारी पडले. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ऑस्ट्रियातलं इशग्ल हे स्कीइंगचं गाव तर आइसलँडने ५ मार्चलाच धोक्याचं ठरवलं, कारण परतलेले लोक पॉझिटिव्ह निघाले, आणि तो भाग बंद झाला १३ मार्चला. त्या आठ दिवसांवरच एक अख्खी मालिका होईल.

गावात मात्र आजारी दिसतात ते हाउसकीपिंगवाले, किचनमधली पोरं, त्यांच्या घरचे. मालिकेत यांना दोन वाक्यंसुद्धा मिळत नाहीत, हे मला फार खटकतं.

मराठीत असं काही करायचं तर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक मध्ये हवा, कारण टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (क्लोरीन उरलाय का ते बघणारी) करणं त्याच्याकडे असतं. टेस्टमध्ये पिवळा रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन उरलेला नाही, नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी लागतो. रिसॉर्टची स्वतःची बोअर असेल तर ती बघतं कोण, पहिल्या भागातच विचारावं.