तीन पिढ्या, एक जहाज : महासाथीच्या काळात कुटुंबासह क्रूझ सफरीला निघण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

कोविड महासाथीची पहिली दोन वर्षे नातवंडांची उंची फोनच्या पडद्यावरून अजमावणारे आजी-आजोबा, आणि त्यांना एकदा तरी मुलाबाळांच्या सहवासात निवांत आठवडा मिळावा म्हणून धडपडणारी त्यांची मुले, अशा बऱ्याच कुटुंबांनी अलीकडे आमच्याकडे क्रूझ सफरीची चौकशी केली आहे. तीन पिढ्यांनी एकत्र प्रवास करायचा तर जहाजाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडते, हे आमचे मत महासाथीमुळे बदललेले नाही. सामान एकदाच उघडावे लागते, रोज नवे हॉटेल गाठावे लागत नाही, ज्यांना फार चालवत नाही त्यांना डेकवर समुद्र पाहत बसता येते, मुलांना मनसोक्त खेळता येते आणि रात्रीच्या जेवणाला सगळे एका टेबलाभोवती जमतात. परंतु सर्वांनी एकाच ठिकाणी असणे, ज्यामुळे ही सफर सुखाची होते, तेच संसर्गाच्या काळात तिला अवघड बनवते. म्हणून एप्रिल २०२२ मधील परिस्थिती लक्षात घेऊन आम्ही हे माहितीपत्रक तयार केले आहे. त्यात सफरीचे वर्णन कमी आणि कोणाची तपासणी पॉझिटिव्ह आली तर काय करायचे याचा विचार अधिक आहे, कारण आमच्या अनुभवानुसार कुटुंबे नेमका हाच विचार पुढे ढकलतात.

जहाजांवर काय घडले आणि नियम कसे बदलत गेले

फेब्रुवारी २०२० च्या सुरुवातीला जपानमधील योकोहामा येथे ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज क्वारंटाइनमध्ये ठेवण्यात आले. त्यावरील ३,७११ प्रवासी व कर्मचाऱ्यांपैकी ७१२ जणांना संसर्ग झाल्याचे पुढे निष्पन्न झाले. जहाजावरची निम्म्याहून अधिक माणसे साठी गाठलेली होती, आणि संसर्ग झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये तपासणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. ‘आमच्या घरी कोणालाही ताप-खोकला नाही’ एवढ्यावर त्या काळात कोणतीही कंपनी समाधान का मानत नसे, याचे उत्तर या आकड्यांत आहे. प्रवाशांना आपापल्या केबिनमध्येच राहण्यास सांगितले गेले आणि खिडकी नसलेल्या केबिनमध्ये ज्यांची सोय होती त्यांचे दिवस सर्वांत कठीण गेले. केबिन निवडताना ही गोष्ट पुन्हा आठवावी लागेल.

१४ मार्च २०२० रोजी सीडीसी या अमेरिकी सार्वजनिक आरोग्य संस्थेने क्रूझ जहाजांना प्रवासी घेऊन निघण्यास मनाई केली. अमेरिकी बंदरांतून मोठी जहाजे पुन्हा प्रवासी घेऊन निघाली ती थेट जून २०२१ मध्ये, आणि तीही लसीकरण, तपासणी व विलगीकरणासाठी राखीव केबिन अशा अटींवर. १५ जानेवारी २०२२ नंतर या अटी कंपन्यांसाठी ऐच्छिक झाल्या, तरी बहुतेक मोठ्या कंपन्यांनी त्यांतील मुख्य भाग त्या वेळी स्वतःहून चालू ठेवला होता. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ओमायक्रॉन या कोविड विषाणूच्या प्रकाराच्या लाटेत ३० डिसेंबर २०२१ रोजी सीडीसीने क्रूझ प्रवासाबाबतचा इशारा सर्वांत वरच्या, म्हणजे चौथ्या पातळीवर नेला आणि बरोबर तीन महिन्यांनी, ३० मार्च २०२२ रोजी, तो इशारा पूर्णपणे मागे घेतला. कुटुंबाच्या सफरीचे बुकिंग सहसा सहा महिने ते वर्षभर आधी होते. तेवढ्या काळात नियम दोनदा-तीनदा बदलू शकतात, हे गृहीत धरूनच पैसे भरावेत, आणि आज आम्ही सांगितलेला नियम निघण्याच्या आठवड्यात आमच्याकडून पुन्हा तपासून घ्यावा.

पहिला प्रश्न : उतरायचे कोणी?

२०२१ मध्ये आमच्याकडून आठ जणांचे एक कुटुंब सफरीला निघाले होते. बंदरावरच्या तपासणीत त्यांच्यातील दहा वर्षांच्या मुलीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. तिला आणि तिच्याबरोबर केबिनमध्ये राहणाऱ्यांना जहाजावर प्रवेश मिळणार नव्हता, उरलेल्या चौघांना मात्र मिळणार होता. सामानाच्या ढिगाशेजारी उभे राहून ते कुटुंब पाऊण तास निर्णय घेत होते. आजोबा म्हणत होते की आता कोणीच जायचे नाही. मुलगा म्हणत होता की तुम्ही दोघांनी जायलाच हवे. आणि ती मुलगी, जिला कसलाही त्रास होत नव्हता, आपल्यामुळे सगळ्यांची सफर गेली म्हणून रडत होती. शेवटी सगळेच परतले. निर्णय चूक होता असे आम्ही म्हणणार नाही, पण तो त्या मुलीच्या देखत घ्यावा लागला याचे आम्हाला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून प्रत्येक कुटुंबाला आम्ही बुकिंगपूर्वीच एक कागद भरायला देतो. त्यावर तीनच प्रश्न असतात. निघण्यापूर्वी कोणी पॉझिटिव्ह आले तर त्याच्याबरोबर कोण थांबेल आणि बाकीचे जातील की नाही. सफरीत एखाद्या मुलाला विलगीकरणात राहावे लागले तर त्याच्या केबिनमध्ये कोणता मोठा माणूस राहील. आणि आजी-आजोबांपैकी एकाला परक्या बंदरात उतरवून दवाखान्यात न्यावे लागले तर त्याच्याबरोबर कोण उतरेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना पुष्कळदा ज्याचे नाव लिहिले जाते त्याच्याकडे त्या देशाचा व्हिसा नसतो, किंवा त्याच्या पदरात तान्हे मूल असते, असे लक्षात येते. ते घरी, चहा घेताना लक्षात आलेले बरे. हा कागद भरून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावा आणि त्याची एक प्रत आम्हाला द्यावी.

लस आणि तपासणी

लसीच्या बाबतीत कुटुंबाची दोन्ही टोके, सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान, वेगळी तपासावी लागतात. वयस्कर मंडळींची वर्धक मात्रा (बूस्टर) देय असेल तर ती निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घेतलेली असावी. अमेरिकेत पाच ते अकरा वर्षांच्या मुलांचे लसीकरण नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीस सुरू झाले. पाच वर्षांखालील मुलांसाठी तेथे जून २०२२ पर्यंत लस उपलब्ध नव्हती. त्यामुळे लस न घेतलेल्या लहान मुलांना काही कंपन्या वेगळ्या तपासणीनंतर घेत, काही बंदरे त्यांना किनाऱ्यावर उतरू देत नसत, आणि काही सफरींत त्यांना घेतलेच जात नसे. फायझर लसीच्या दोन मात्रांमध्ये २१ दिवसांचे अंतर आणि दुसऱ्या मात्रेनंतर आणखी १४ दिवस, म्हणजे पहिल्या मात्रेपासून किमान पाच आठवडे लागतात, हा हिशेब शाळेच्या सुट्टीशी जुळवून पाहावा.

२०२२ च्या सुरुवातीला तपासणी निघण्यापूर्वीच्या दोन-तीन दिवसांत करावी लागत असे. नेमकी मुदत आणि अँटिजेन चालेल की आरटी-पीसीआरच हवी, हे कंपनीनुसार बदलत असे. घरच्या घरी केलेली तपासणी सहसा ग्राह्य धरली जात नसे. ती करताना प्रशिक्षित व्यक्तीची देखरेख लागत असे. सर्वांची तपासणी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी करावी आणि त्यापूर्वीचे दहा दिवस घरातील सर्वांनी, विशेषतः कार्यालयात व शाळेत जाणाऱ्यांनी, गर्दी टाळावी. आजी-आजोबा घरातच राहतात. संसर्ग त्यांच्यापर्यंत येतो तो बहुधा नातवंडांच्या वर्गातून.

केबिनची निवड

खर्च वाचवण्यासाठी सर्वजण आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये राहण्यास तयार होतात, कारण ‘केबिनमध्ये फक्त झोपायलाच तर जायचे आहे’. इतर काळात आम्हीही हेच सांगत असू. महासाथीच्या काळात मात्र किमान आजी-आजोबांसाठी बाल्कनीची केबिन घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. जर विलगीकरणात पाच-दहा दिवस काढण्याची वेळ आली, तर उघडता येणारे दार आणि मोकळी हवा यांचे मोल कोणत्याही सवलतीपेक्षा जास्त ठरते. कंपनी बाधित प्रवाशाला राखीव केबिनमध्ये हलवू शकते, हेही ध्यानात असू द्यावे. पण तसे न झाल्यास आपण निवडलेली केबिनच आपले घर असते.

सगळ्या केबिन एकमेकींना आतल्या दाराने जोडलेल्या असाव्यात, अशी अनेकांची इच्छा असते. मुले आणि त्यांचे आई-वडील यांच्यासाठी ती सोय उत्तम आहे. आजी-आजोबांची केबिन मात्र शेजारी असावी, जोडलेली नसावी, म्हणजे एका खोलीतील आजाराचे पाऊल दुसरीत पडण्यापूर्वी दार बंद करता येते. कोण कोणत्या केबिनमध्ये, हे ठरवताना कोणा एकाला वेगळे राहावे लागले तर उरलेल्यांची सोय कशी लागेल, याचा विचार करावा. लस न घेतलेले मूल आणि हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेली व्यक्ती एका केबिनमध्ये असू नयेत.

गुडघे किंवा तोल यांची तक्रार असणाऱ्यांसाठी जहाजाच्या मध्यभागी व खालच्या डेकवर केबिन घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. व्हीलचेअर आत नेता येईल अशा रुंद दारांच्या केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि त्या सर्वांत आधी भरतात.

जहाजावर आणि किनाऱ्यावर

जहाजावरचे नियम तेथील कर्मचारी समजावून सांगतातच, म्हणून येथे थोडक्यात लिहितो. बंद जागेत मास्क, बुफेच्या जागी कर्मचाऱ्यांच्या हातून वाढप आणि जेवणासाठी केवळ आपल्याच कुटुंबाचे टेबल, ही पद्धत २०२२ च्या सुरुवातीला बऱ्याच जहाजांवर होती, आणि शेवटची गोष्ट तर कुटुंबांच्या पथ्यावरच पडत असे. आपत्कालीन कवायत पूर्वी सर्वांना एकत्र गोळा करून होत असे. आता बहुतेक माहिती फोनवर किंवा केबिनमधील टीव्हीवर पाहून आपल्या ठरलेल्या जागी हजेरी लावायची असते. ज्यांना फोन हाताळणे जमत नाही त्यांच्याबरोबर घरातील कोणीतरी बसून ती माहिती पूर्ण पाहावी. हात साबणाने धुण्याची सवय मात्र सोडू नये, कारण जहाजांवर पूर्वीपासून आढळणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा प्रभाव कमी पडतो.

किनाऱ्यावरच्या सहलींबाबत अधिक सावध राहावे. ऑगस्ट २०२० मध्ये इटलीत एक कुटुंब कंपनीने आखलेल्या सहलीतून बाजूला होऊन स्वतंत्रपणे फिरले, तेव्हा त्यांना पुन्हा जहाजावर घेतले गेले नाही. तेवढी कडक अट आता सर्वत्र नाही, पण जेथे ती आहे तेथे मुलांच्या हट्टासाठीही ती मोडू नये. काही ठिकाणी जहाज धक्क्याला न लागता दूर उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटीतून नेले जाते. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना तेथे उतरता येईलच असे नाही. अशा दिवशी आजी-आजोबांबरोबर जहाजावर कोण थांबेल, हे पाळीपाळीने ठरवावे, म्हणजे एकाच सुनेवर किंवा लेकीवर ती जबाबदारी पडत नाही.

औषधोपचार आणि विमा

जहाजावर डॉक्टर, परिचारिका व लहानसा दवाखाना असतो, परंतु ते रुग्णालय नव्हे. तेथे रुग्णाची प्रकृती स्थिर केली जाते आणि पुढील उपचारांसाठी त्याला बंदरावर उतरवले जाते. तेथील उपचारांचे शुल्क सहसा आपल्या खात्यावर लावले जाते आणि ते नंतर विमा कंपनीकडून मिळवावे लागते. नेहमीची औषधे सफरीच्या दिवसांपेक्षा किमान दोन आठवड्यांची जास्त घ्यावीत, ती हातातल्या पिशवीत ठेवावीत, आणि आजार, औषधांची मूळ नावे व मात्रा लिहिलेले डॉक्टरांचे पत्र सोबत असावे. मोठे सामान केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होते. दुपारची गोळी तोपर्यंत थांबत नाही.

विम्याची पॉलिसी आम्ही ग्राहकांसमोर बसून वाचतो आणि पुढील बाबी बोटाने दाखवतो. साथीच्या आजारांना त्यात वगळले आहे का? तपासणी पॉझिटिव्ह आल्याने सफर रद्द झाली तर भरपाई मिळते का? क्वारंटाइनमधील मुक्कामाचा आणि परतीच्या नव्या तिकिटाचा खर्च त्यात आहे का? समुद्रातून हवाई मार्गाने हलवावे लागले तर? आधीपासूनच्या आजारांची नोंद केली आहे का? तीन पिढ्यांच्या प्रवासात आणखी एक कलम महत्त्वाचे ठरते. आजी आजारी पडल्या म्हणून वेगळ्या बुकिंगवर असलेल्या मुलाच्या कुटुंबाने सफर रद्द केली, तर ती भरपाईस पात्र आहे का, हे ‘कुटुंबीय’ आणि ‘सहप्रवासी’ या शब्दांची व्याख्या पॉलिसीत कशी केली आहे त्यावर ठरते. काही देशांत ‘कोणत्याही कारणाने रद्द’ करण्याची मुभा देणारा जादा विमा मिळतो. त्यात साधारणपणे खर्चाच्या ५० ते ७५ टक्के रक्कम परत मिळते, पण तो पहिले पैसे भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत घ्यावा लागतो आणि सफर निघण्याच्या किमान ४८ तास आधी रद्द करावी लागते.

लहानग्यांची व गर्भवतींची कागदपत्रे

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत आणि सलग बरेच दिवस समुद्रात जाणाऱ्या सफरींसाठी ही मर्यादा एक वर्षाची असते. सफर संपेपर्यंत ज्यांना गर्भारपणाचा चोविसावा आठवडा लागणार असेल, त्यांनाही प्रवेश नाकारला जातो. नातवंडे आई-वडिलांविना केवळ आजी-आजोबांबरोबर जाणार असतील, तर आई-वडिलांच्या सहीचे संमतिपत्र लागते. त्यात उपचारांना संमती देण्याचा अधिकारही स्पष्ट लिहून घ्यावा. आई-वडील सोबत असले तरी असे पत्र करून ठेवावे, कारण ते स्वतःच विलगीकरणात गेले, तर मुलांच्या बाबतीत निर्णय घ्यायला आजी-आजोबाच बाहेर उरतात.

परतल्यानंतर

परतल्यावर तीन ते पाच दिवसांनी सर्वांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत इतर वृद्ध नातेवाइकांना भेटणे टाळावे. सफरीत कोणी पॉझिटिव्ह आले असेल तर जहाजावरच्या दवाखान्याचा अहवाल, विलगीकरणाच्या तारखा लिहिलेले पत्र आणि सर्व मूळ पावत्या उतरण्यापूर्वीच मागून घ्याव्यात. विम्याच्या दाव्याचा अर्ज आम्ही आपल्यासोबत बसून भरतो. त्यासाठी वेगळे शुल्क घेत नाही.