घरी बांधलेल्या दोन आसनी विमानाचा अर्ज कुठे अडतो

स्वतःच्या शेडमध्ये दोन आसनी विमान बांधणाऱ्यांची परवानगीची फाइल मी जेव्हा जेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून परत आलेली पाहिली, तेव्हा आराखडा बहुधा ठीक होता. अडला होता तो पत्र्याचा कागद. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ६०६१ क्रमांकाचा अॅल्युमिनियम मिश्रधातू मागितला की मिळतो, पण बिलावर ‘अॅल्युमिनियम शीट’ आणि वजन एवढेच लिहिलेले असते. टी-६, म्हणजे तापवून कठीण करण्याची प्रक्रिया केलेला पत्रा सुमारे २७५ मेगापास्कल ताणापर्यंत टिकतो, तर त्याच मिश्रधातूचा मऊ पत्रा ५५ च्या आसपासच कायमचा वाकतो, आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र, हीट नंबरासह (धातूच्या त्या ओतीचा क्रमांक), खरेदीच्या दिवशीच मागून घ्यावे. पंखाचा स्पार, म्हणजे मुख्य आडवा कणा, रिव्हेट करून झाल्यावर दुकानदाराकडे गेलात तर तो चहा पाजेल, प्रमाणपत्र देणार नाही.

दुसरी अडचण वजनाची. मायक्रोलाइट, म्हणजे अतिहलक्या विमानांच्या गटात कमाल उड्डाण वजन ४५० किलो आहे. रिकामे विमान २७५ किलोचे आणि दोन माणसे १६० किलोची धरली, तर इंधनाला १५ किलो उरतात, म्हणजे जेमतेम २० लिटर पेट्रोल. १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ इंजिन ते तास-सव्वा तासात संपवते. अर्जात अंदाजाचा आकडा लिहू नये. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून घेतलेले वजन आणि त्यावरून काढलेला गुरुत्वमध्य जोडावा.

परदेशी किटसोबतच्या पुस्तिकेतला ‘५१ टक्के’ नियम (निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसाने स्वतः केलेली असावी) अमेरिकेचा आहे; आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला त्याचा दाखला देऊन काही साधत नाही. मालकीचे पुरावे, इंजिनाची सीमाशुल्क कागदपत्रे, विमा, रेडिओ परवाना, बांधणीची तारीखवार वही आणि छायाचित्रे लागतातच. सर्व कागदांवर नाव एकसारखे असावे. आधारवर वडिलांचे नाव आणि बिलावर नुसती आद्याक्षरे, एवढ्यावरूनही महिने जातात, हे हास्यास्पद आहे, पण खरे आहे.

‘व्हीटी’ने सुरू होणारे भारतीय नोंदणीचिन्ह मिळाले म्हणजे उडण्याची परवानगी मिळाली, असे मात्र समजू नये. कॅप्टन अमोल यादव यांनी स्वतः बांधलेल्या सहा आसनी विमानाची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, तर उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. परवाना हाती येईपर्यंत उजळाईवाडीची (कोल्हापूर विमानतळाची) धावपट्टी जवळ असली तरी चाचणीसाठीही विमान जमिनीवरून उचलू नये.