पार्श्वभूमी : बीपी, शुगर, किडनी आणि एकच स्क्रीन

एकाच रुग्णाचे अनेक आजार एकत्र पाहून उपचार सुचवणारी संगणकीय प्रणाली (निर्णय-साहाय्य) साताऱ्यात बसवताना काय पाहावे, त्याची ही पार्श्वभूमी. डॉक्टरला उपचार सुचवणारे संगणकीय कार्यक्रम सत्तरच्या दशकात आले. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या कार्यक्रमात सुमारे ६०० नियम होते आणि ते सगळे जंतुसंसर्गाबद्दल होते. एका आजारासाठी एक नियमावली ही घडी तेव्हा बसली आणि पुढे तीच चालत राहिली. तिची मर्यादा २००५ मध्ये एका अमेरिकी विश्लेषणाने दाखवली. पाच आजार असलेली ७९ वर्षांची बाई कल्पून प्रत्येक आजाराची मार्गदर्शिका तंतोतंत पाळली, तेव्हा तिच्या वाट्याला १२ औषधे आणि दिवसाला १९ डोस आले.

साताऱ्याचा संबंध येतो तो २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमापासून. पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत सातारा होता. अमलोडिपीन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी बीपीची मोजकी औषधे, ठरलेल्या पायऱ्या आणि महिन्याभराच्या गोळ्या एकदम. हा साधेपणा मुद्दाम ठेवला होता आणि तो योग्यच होता, कारण त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सलाही पुढची पायरी कळते. पण पायऱ्या बीपीच्या आहेत. त्याच रुग्णाची शुगर, गुडघेदुखी आणि किडनी त्यात बसत नाही. त्याच सुमारास तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी सुरू झाली. आशाताईंच्या फॉर्मवर आजाराच्या धोक्याचे चारच्या वर गुण आले की माणूस पुढे पाठवायचा. एकाच माणसाच्या नोंदी अनेक ठिकाणी पडू लागल्या.

सर्वांत जास्त घोळ मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या मर्यादेवर झाला आणि तो अजून निस्तरलेला नाही. जुना नियम थेट क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणाऱ्या घटकावर होता: पुरुषात १.५ आणि बाईत १.४ किंवा त्याहून जास्त असेल तर औषध बंद. २०१६ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने हा निकष बदलून ईजीएफआर धरला, म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढलेला किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज. ३० च्या खाली औषध वर्ज्य, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करू नये, आणि आधीपासून चालू असताना ईजीएफआर ४५ च्या खाली उतरला तर फेरविचार. अशा वेळी बरेच डॉक्टर दिवसाला १००० मिलिग्रॅमवर थांबतात. फरक किती पडतो ते पाहा. खटाव तालुक्यातल्या ७२ वर्षांच्या आजींचे क्रिएटिनिन १.३ असेल, तर जुन्या नियमाने त्या बिनधास्त पूर्ण डोसवर राहतात. नव्या सूत्राने त्यांचा ईजीएफआर येतो सुमारे ४४, म्हणजे डोस पाहायलाच हवा. उलट ५५ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.५ असेल, तर जुना नियम औषध थांबवतो, पण ईजीएफआर भरतो ५५ च्या आसपास. म्हणजे चांगले, स्वस्त औषध विनाकारण बंद. प्रणालीत जुना आकडा राहून गेला असेल, तर ती दोन्हीकडे चुकते आणि चुकताना ठाम असते.

त्याहून अवघड प्रश्न क्रिएटिनिनच नसेल तर काय करायचे, हा आहे. बऱ्याच प्रणाली अशा वेळी गप्प बसतात आणि स्क्रीन कोरी दिसली की सगळे ठीक आहे असा अर्थ घेतला जातो. प्रत्येक वेळी इशारा द्यावा, तर लोक न वाचताच पुढे जातात. आमच्या मते माहिती नसल्याचे ठळक दाखवावे, पण वर्षातून एकदा, तपासणीची चिठ्ठी निघेल अशाच ठिकाणी.

औषधांची यादीही अशीच अर्धी असते. माथाडीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या माणसाची फाईल मुंबईत, बीपीच्या गोळ्या उपकेंद्रातून, हृदयाच्या कराडहून किंवा मिरजेहून आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी मेडिकलमधून. टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करते, डायक्लोफेनॅक आत येणारी आवळते आणि क्लोरथॅलिडोन शरीरातले पाणी कमी करते. गाळण्याचा दाबच उरत नाही. माणदेशातल्या उन्हाळ्यात दोन दिवस जुलाब झाले तरी क्रिएटिनिन झपाट्याने चढू शकते. तिन्ही नावे एका यादीत नसतील, तर कितीही हुशार नियम हे पकडणार नाही. अमलोडिपीनने पाय सुजले आणि सुजेसाठी लघवीची गोळी वाढली, ही साखळीही दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

नुसत्या प्रणालीने भागत नाही, याच दिशेने भारतातल्या चाचण्यांचा कल आहे. भारत-पाकिस्तानातल्या दहा मधुमेह केंद्रांवर निर्णय-साहाय्याला जोडून रुग्णाचा पाठपुरावा करणारा माणूस नेमला. तिथे शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यांतली एकाहून अधिक उद्दिष्टे गाठणारे रुग्ण १८ टक्के निघाले, नेहमीच्या उपचारात ८ टक्के. हे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांपैकी निम्म्या केंद्रांत नर्सच्या टॅबलेटवर प्रणाली दिली. वर्षाअखेरीस बीपी आणि शुगर प्रणाली असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गटांत उतरली, पण गटांमध्ये फरक सापडला नाही. म्हणून आता इथे प्रणाली बसवताना आधी ठरवायचे ते हे, की मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांचा रकाना कोण भरणार, पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडून घ्यायला कोणाच्या वेळेतली दहा मिनिटे काढणार आणि तीन महिने न आलेल्या रुग्णाला फोन कोण करणार.