माल भराई-उतराईच्या ठिकाणचे ट्रकचालकाचे वर्तन (ग्रामीण विदर्भ)

जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना), राइस मिल, बाजार समितीचे यार्ड, सरकारी गोदाम, कोळसा खाण, सिमेंट कारखाना अशा ठिकाणी गाडी भरताना आणि खाली करताना चालकाने कसे वागावे, याचे संकेत. काही कायद्यात आहेत, काही गेटवरच्या पाटीवर. बरेचसे मात्र ड्रायव्हरकडून क्लिनरला तोंडीच मिळतात, आणि तेच जास्त पाळले जातात.

मालानुसार रीत बदलते. दिवाळीनंतर यवतमाळ, वर्धा, अकोल्याच्या जिनिंगवरून रुईच्या गाठी आणि सरकी निघते. गोंदिया-भंडाऱ्याकडे तांदळाची पोती, वरुड-मोर्शीकडे संत्रा. वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळसा, गडचांदूरच्या बाजूला सिमेंट. संत्र्याची गाडी थांबवून चालत नाही. कोळशाच्या गाडीला थांबणे चुकत नाही.

गेटवर पहिले काम नंबर लावण्याचे. कागद दाखवायचे, रजिस्टरला गाडी क्रमांक आणि वेळ लिहून घ्यायची. ही वेळ पुढे हॉल्टिंगच्या, म्हणजे गाडी अडकून पडल्याच्या भरपाईच्या, भांडणात कामी येते, म्हणून जाणते चालक ती आपल्या डायरीतही टिपतात. रांग मोडून गाडी पुढे घुसवणे, गावच्या रस्त्यावर आडवी लावून निघून जाणे, चावी क्लिनरकडे देऊन गाडी पुढे सरकवायला सांगणे हे वाईट समजले जाते. यातला शेवटचा प्रकार सर्रास चालतो आणि सर्वांत धोक्याचाही तोच आहे. परवाना नसलेल्या हातून यार्डात गाडी मागे घेताना माणूस चाकाखाली येऊ शकतो. मागे कोण आहे हे दिसत नसेल तर खाली उतरून पाहायचे. फळीला (माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्याला) गाडी लागली की इंजिन बंद, हँडब्रेक, चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा. हमाल गाडीत असेपर्यंत गाडी हलवायची नाही.

खरी पारख काट्यावर, म्हणजे गाडीचे वजन करतात तिथे होते. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या वजनातला फरक म्हणजे माल, एवढाच हिशेब; पण दोन्ही वेळी गाडी सारखी असली तरच तो खरा. भरायला आलेली गाडी रिकामा काटा देताना चालक आणि क्लिनर केबिनमध्ये बसले आणि भरल्यावर खाली उतरले, तर कागदावर सव्वा-दीडशे किलो माल कमी दिसतो. खाली करताना उलट केले, तर तेवढाच जास्त. दोन वजनांच्या मध्ये 200 लिटर डिझेल भरले तर सुमारे 165 किलोचा फरक पडतो. रुईची एक गाठ साधारण 170 किलोची असते, म्हणजे टाकीत जवळजवळ एक गाठ मावते. पावसात भिजलेली ताडपत्री आणि उतरवून ठेवलेली स्टेपनीही असाच खेळ करतात. म्हणून दोन्ही वेळी सगळे खाली उतरणे आणि आकडा स्वतः वाचणे ही चालकाची शिस्त. काटेवाल्याने दिलेली चिठ्ठी न बघता खिशात घालणारा पुढे ‘शॉर्टेज’, म्हणजे कमी भरलेल्या मालाचे पैसे, भरतो.

जादा माल नाकारणे हाही वर्तनाचाच भाग आहे, पण तो चालकाला सर्वांत जड जातो. शंभर गाठी म्हणजे 17 टन. मालक, व्यापारी आणि मुकादम तिघेही ‘अजून चार बसतात’ म्हणतात, दंडाची पावती मात्र रस्त्यावर त्याच्या हाती पडते. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. बाजूने किंवा वरून मर्यादेबाहेर आलेल्या मालालाही 20,000 रुपये.

जिनिंगच्या आवारात विडी-सिगारेट आणि स्टोव्ह बंद असतो. रुईची आग भडकण्याआधी गाठीच्या आत बराच वेळ धुमसते. यार्डात पडलेली ठिणगी पन्नास कोसांवर रस्त्यात पेट घेऊ शकते. निघण्यापूर्वी सायलेन्सरला चिकटलेला कापूस काढणे हे क्लिनरचे काम, पण जबाबदारी चालकाची.

भरणे-उतरवणे हे चालकाचे काम नव्हे. त्यासाठी हमाल आहेत, आणि राज्यात 1969 पासून हमालांसाठी माथाडी कायदा आहे. हमाली आणि वाराई (भराई-उतराईसाठी मागितले जाणारे वरचे पैसे) कोणी द्यायची यावरून मात्र दारोदार वाद होतात. वाहतूकदारांचे म्हणणे ‘ज्याचा माल त्याचा हमाल’. चालकाने हुज्जत न घालता मालकाला फोन लावावा, आणि पैसे द्यावेच लागले तर पावती मागावी, असा संकेत आहे. पावती क्वचितच मिळते.

आवारातल्या वर्तनाचे नियम एकतर्फी आहेत, हे इथे नोंदवायला हवे. चालकाने बूट घालावे, हेल्मेट घालावे, शिवी देऊ नये असे पाटीवर लिहिलेले असते. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात रांगेतल्या माणसाला सावली, पाणी आणि संडास कुठे, हे बहुतेक पाट्या सांगत नाहीत. 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 मध्ये दिवसाला आठ तास काम ठरवले होते. गेटबाहेरची रात्र कामाच्या हिशेबात सहसा कोणी धरत नाही.

थांबण्याचा फटका कागदालाही बसतो. ई-वे बिल (जीएसटीखाली मालासोबत लागणारा ऑनलाइन वाहतूक परवाना) दर 200 किलोमीटरला एक दिवस चालते. मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांच्या आत ती वाढवता येते, म्हणून उशीर दिसताच ट्रान्सपोर्टला कळवावे लागते.

शेवटचा कागद पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती. 2007 च्या सडक वाहतूक कायद्यानुसार मालाच्या पावतीवरचे (बिल्टीवरचे) वजन आणि नगांची संख्या हा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. त्यामुळे सही घेताना पोती फाटली, भिजली किंवा कमी भरली तर तो शेरा तिथेच, गोदामवाल्यासमोर बिल्टीवर लिहून घ्यायचा; कोऱ्या कागदावर सही द्यायची नाही. हल्ली पोचेचा फोटो व्हॉट्सॲपवर लगेच जातो, तरी भाड्याची उरलेली रक्कम बहुतेक ठिकाणी मूळ शिक्क्याचा कागद हाती आल्यावरच सुटते.