हायपरक्रॅकर: खिशात मावणाऱ्या एका अवजाराची पार्श्वभूमी

लांबच्या प्रवासात सायकलच्या मागच्या चाकाचा स्पोक तुटतो तो बहुतेक वेळा उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचा. गिअरच्या चकत्यांना जागा मिळावी म्हणून त्या बाजूचे स्पोक अधिक उभे आणि अधिक ताणलेले ठेवावे लागतात. शिवाय सामानाचे ओझेही मागेच असते. स्पोकचे डोके हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, ज्या कडेत अडकते ती कड चकत्यांमागे दडलेली असल्यामुळे चकत्या उतरवल्याखेरीज नवा स्पोक ओवता येत नाही. या चकत्या वाटेतच उतरवता येणाऱ्या, पण आता बाजारात नसलेल्या हायपरक्रॅकर या छोट्या अवजाराचा जन्म या अडचणीतून झाला.

आधीच्या काळात सगळ्या चकत्या फ्रीव्हीलवर, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या भागावर, असत आणि ते फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसत असे. प्रत्येक पेडलगणिक ते अधिकच आवळले जाई, त्यामुळे ते सोडवायला पक्का शिकंजा किंवा लांब दांड्याचा पाना लागे. 1978 मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने फ्रीहब, म्हणजे मोकळा फिरणारा तो भाग हबलाच जोडलेला प्रकार, आणला आणि चकत्या खाचांवर सरकवून बसवण्याची सोय झाली. मात्र सुरुवातीच्या युनिग्लाइड पद्धतीत सर्वांत लहान चकतीच आट्यांनी बसून बाकीच्यांना धरून ठेवत असे, आणि ती काढायला दोन चेन व्हिप (चकती धरून ठेवणारे, चेनचा तुकडा लावलेले दांडे) लागत. पुढे 1980 च्या दशकाच्या अखेरीस हायपरग्लाइड पद्धत आली, तेव्हा चकत्या धरून ठेवण्याचे काम लॉकरिंगकडे, म्हणजे आट्यांच्या वेगळ्या कड्याकडे, गेले. ही लॉकरिंग साधारण 40 न्यूटन-मीटर इतक्या जोराने आवळतात. 20 सेंटिमीटर दांड्याच्या पान्याने ती सोडवायची तर टोकाशी सुमारे 20 किलो भार द्यावा लागतो, आणि चकत्या फिरू नयेत म्हणून दुसऱ्या हातात चेन व्हिप हवीच. दुकानात ही जोडी भिंतीवर टांगलेली असते. पण मनाली ते लेहच्या वाटेवर ग्रॅम मोजून सामान भरणारा प्रवासी ती बरोबर नेत नाही, आणि एकाच चकतीच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या वाटेवरच्या कारागिराकडेही ती क्वचितच असते.

पामीर इंजिनिअरिंग या कंपनीच्या हायपरक्रॅकरने हा प्रश्न फार सुंदर रीतीने सोडवला. लॉकरिंगच्या खाचांत बसणारा लहानसा तुकडा, एवढेच ते अवजार. दांडा नाही आणि चेन व्हिपही नाही. मागचे चाक काढायचे, अवजार लॉकरिंगमध्ये बसवायचे आणि चाक पुन्हा फ्रेममध्ये घालायचे, म्हणजे अवजार फ्रेमच्या मागच्या भागाला टेकून अडते व त्याला फिरता येत नाही. चेन सर्वांत मोठ्या चकतीवर ठेवून पेडल हळूच पुढे दाबले की चकत्या फिरू पाहतात, लॉकरिंग मात्र अडलेले राहते आणि त्याच्या आट्या सुटतात. समोर 26 आणि मागे 34 दात धरले, तर 17 सेंटिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, सुमारे 18 किलो भार पुरतो. पुन्हा आवळताना पेडल उलटे फिरवून भागत नाही, कारण फ्रीहब मोकळा फिरतो. त्यासाठी चाकच हाताने मागे वळवावे लागते. थोडक्यात, क्रँक हा दांडा, चेन हीच चेन व्हिप आणि फ्रेम हा शिकंजा, म्हणजे अवजाराचे जवळजवळ सर्व अवयव सायकलमध्ये आधीपासूनच होते. सायकलच्या अवजारांत इतकी नेमकी कल्पना मला दुसरी दिसलेली नाही.

पण त्याची मर्यादाही नेमकी इथेच होती. टेकण्यासाठी मजबूत, सोईस्कर आकाराची धातूची फ्रेम आणि अवजारासाठी मोकळी जागा, असे दोन्ही त्याला हवे होते. कार्बनच्या फ्रेमवर असा एका जागी पडणारा दाब धोक्याचा, तर आरपार जाणाऱ्या जाड थ्रू-अॅक्सलमुळे चाक बसवण्याची रीतच बदलली. याच कल्पनेवर अमेरिकेतील स्टाइन आणि नेदरलँड्समधील एम-जिनिअरिंग यांनी पुढे आपापली अवजारे काढली. एम-जिनिअरिंगच्या अवजाराचे नाव एनबीटी2. चकत्या न काढता हबच्या भोकातून ओवता येणारा केव्हलर या मजबूत धाग्याच्या दोरीचा तात्पुरता स्पोकही मिळू लागला. तो गावापर्यंत पोहोचवतो. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, नीट काढायला मात्र खरा स्पोकच लागतो.

म्हणून जुना हायपरक्रॅकर शोधणाऱ्याने त्याच्या अवस्थेइतकेच आपल्या सायकलकडेही पाहावे. लॉकरिंग हायपरग्लाइड खाचांचे आहे का, फ्रेम स्टीलची आहे का आणि अवजार नेमके कुठे टेकते, हे तपासावे. आणि निघण्यापूर्वी घरीच एकदा चकत्या उतरवून पुन्हा आवळून पाहाव्यात.